पटावर नसलेला स्वयंसेवक

जुन्नर व आंबेगांव हे सह्याद्रीच्या कुशींतले शेजारी तालुके. ३० जुलै २०१४ रोजीं सकाळीं आंबेगांवांतील माळीण गांवावर डोंगर कोसळला. ही वार्ता बाहेर आणली ती नित्याच्या एस. टी. गाडीच्या चालकानें, गांवाच्या जागीं त्यास नुसता चिखल दिसला. दीडशेंहून अधिक जीव गेले. राष्ट्रीय आपत्ति-प्रतिसाद दल येण्यापूर्वीं मदतीस धावले ते भोंवतालचे लोकच.

अशा धावणाऱ्यांचें कायद्यांत स्थान कोणतें? मुंबई प्रांतांत १९४६ सालीं होमगार्ड दल निघालें. १९४७ च्या कायद्यानें कामावर बोलाविलेल्या होमगार्डास पोलिसाचे अधिकार व संरक्षण दिलें. १९६८ चा नागरी संरक्षणाचा कायदा मूळचा युद्धकाळासाठीं; आपत्तिनिवारणाचें काम त्यांत २००९ च्या दुरुस्तीनें आलें. या दोन्ही कायद्यांची छाया पटावरील माणसावरच पडते. २००५ च्या आपत्ति-व्यवस्थापन कायद्यानें मात्र स्वयंसेवी बचावकर्त्यांच्या शिक्षणाची व्यवस्था करणें हें जिल्हा प्राधिकरणाच्या कार्यांत घातलें.

हें कलम डोंगरांतील वाडीपर्यंत पोहोंचणें हीच त्या कायद्याची खरी कसोटी होय. कारण संकटांत पहिला हात शेजाऱ्याचा असतो, आणि त्याचें नांव बहुधा कोणत्याच पटावर नसतें.