रंगांची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, नाणी, बखरी आणि दप्तरांतील कागद डोळ्यांसमोर उभे राहतात. विसाव्या शतकाने त्यांत छायाचित्राची भर घातली. छायाचित्र खोटे बोलत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. जुन्या लढाऊ विमानांची अचूक पार्श्वचित्रे संगणकावर तयार करणाऱ्या चित्रकारांना मात्र या समजाची पारख पदोपदी करावी लागते.

पार्श्वचित्र म्हणजे विमानाचे एका बाजूने दिसणारे प्रमाणबद्ध रंगीत चित्र. त्यात ढग नसतात, धूर नसतो, युद्धाचा आवेशही नसतो. अमुक दिवशी, अमुक वैमानिकाच्या हाती असलेले विमान नेमके कसे दिसत होते, एवढ्या एकाच प्रश्नाचे ते उत्तर असते. 1960 च्या दशकात ब्रिटनमधील प्रोफाइल पब्लिकेशन्सच्या पुस्तिकांनी या चित्रप्रकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला. पुढे 1987 मध्ये इलस्ट्रेटर आणि 1990 मध्ये फोटोशॉप ही संगणकीय साधने आली आणि कुंचल्याचे काम पडद्यावर होऊ लागले. साधन बदलले, प्रश्न बदलला नाही.

कामाचा आरंभ बाह्यरेषेपासून होतो. कारखान्याचे मूळ आराखडे मिळाले तर उत्तमच. अन्यथा मापे छायाचित्रावरून काढावी लागतात. परंतु कॅमेरा विमानाच्या फार जवळ असेल, तर त्याच्याकडील भाग मोठा आणि दूरचा भाग लहान दिसतो. अशा चित्रावरून रेषा गिरवली की मूळ दोषही तिच्याबरोबर येतो. दुसरी अडचण अशी की, बहुधा विमानाची एकच बाजू छायाचित्रात सापडते. ती उलटवून दुसरी बाजू तयार करणे हे संगणकाला क्षणाचे काम आहे. पण स्पिटफायरवरील हिरव्या-तपकिरी कॅमोफ्लाजचे पट्टे दोन्ही बाजूंना सारखे नसत. शिवाय युद्धाच्या प्रारंभीच्या काळात काही विमानांवर तीच नक्षी आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे उलटी रंगवली जाई. येथे सोयीला शरण जाणे म्हणजे पुराव्याला सोडचिठ्ठी देणे होय.

खरी कसोटी रंगाची. युद्धकाळातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत, आणि त्यांतील करड्या छटांचा अर्थ फिल्मच्या जातीवर अवलंबून असतो. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जाणवत नाही. तिच्यावर लाल रंग जवळजवळ काळा, पिवळा अपेक्षेहून गडद आणि निळा अपेक्षेहून फिकट उमटतो. ब्रिटिश वर्तुळचिन्हाभोवतीचे ठळक पिवळे कडे अशा छायाचित्रात इतके काळवंडते की, ते तेथे नव्हतेच, असे पाहणाऱ्याला वाटावे. पँक्रोमॅटिक फिल्मवर तेच कडे उजळ दिसते. विमान एक, दिवस एक, कॅमेरे दोन. आणि साक्षी मात्र परस्परविरोधी! म्हणून जाणता चित्रकार प्रथम छायाचित्रातील माहितीचा रंग शोधतो, फिल्म कोणती होती ते ठरवतो आणि मगच अज्ञात रंगाकडे वळतो.

एवढे करूनही काही प्रश्न सुटत नाहीत. माल्टा बेटाच्या रक्षणासाठी 1942 मध्ये पाठवलेल्या स्पिटफायर विमानांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. 20 एप्रिल रोजी अमेरिकेच्या वॉस्प या विमानवाहू जहाजावरून 47 स्पिटफायर उडाली आणि त्यांपैकी 46 बेटावर पोहोचली. या मोहिमेसाठी दिलेल्या विमानांचा रंग वाळवंटी, म्हणजे तपकिरी आणि वालुकावर्णी होता. भूमध्य समुद्राच्या निळ्या पाण्यावर तो दुरूनही उठून दिसला असता. म्हणून अनेक विमानांवर घाईने निळसर रंग चढवण्यात आला. हा निळा नेमका कोणता? कोणी म्हणतात, अमेरिकी नौदलाच्या कोठारातील निळा-करडा. कोणी म्हणतात, ब्रिटिश साठ्यातील रंग. हाती आलेल्या रंगांचे मिश्रण केले असावे, असेही एक मत आहे. पहिल्या खेपेतील बहुतेक विमाने बाँबवर्षावामुळे काही दिवसांतच निकामी झाली. त्याच वर्षी 15 सप्टेंबर रोजी वॉस्प पॅसिफिक महासागरात बुडाले. साक्षीदारच असे नाहीसे झाल्यावर उरली ती थोडी करडी छायाचित्रे आणि परस्परांशी न जुळणाऱ्या आठवणी. या विमानांचे पार्श्वचित्र काढणारा जी निळी छटा निवडतो, ती त्याचा निर्णय असते, ज्ञान नव्हे.

रंगाची चूक केवळ सौंदर्यदृष्टीची चूक नसते, हे भारतीय वायुदलाच्या इतिहासावरूनही दिसून येईल. 1944 मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या स्क्वॉड्रनची हरिकेन विमाने लढली. युरोपातील हरिकेनच्या वर्तुळचिन्हाच्या मध्यभागी लाल ठिपका असे. जपानी विमानांचे चिन्हच मुळी लाल गोल असल्यामुळे, गफलत होऊन आपल्याच तोफांनी आपलीच विमाने पाडू नयेत यासाठी, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर 1942 नंतर हा लाल रंग काढून टाकण्यात आला. पुढे गडद निळा आणि फिकट निळा एवढेच दोन रंग राहिले. सवयीने युरोपीय नमुना उचलून इंफाळच्या हरिकेनवर लाल ठिपका देणारा चित्रकार एक तपशील तर चुकवतोच. पण त्या आघाडीवरील वैमानिकाच्या डोक्यावर टांगलेला एक धोका आणि त्यावर काढलेला उपाय, दोन्ही पुसून टाकतो.

संगणकाने या कलेला एक मोठी देणगी दिली आहे. बाह्यरेषा, पत्र्यांचे जोड, मूळ रंग, चिन्हे, धूळ आणि काजळी हे सर्व वेगवेगळ्या थरांवर ठेवता येते. नवे छायाचित्र सापडले तर तेवढाच थर बदलतो. सारे चित्र फाडावे लागत नाही. कागदावरच्या चित्रकाराला ही मुभा नव्हती. परंतु याच साधनात एक प्रलोभनही दडलेले आहे. संगणकावर काढलेला तर्क हा पुराव्याइतकाच रेखीव आणि तकतकीत दिसतो. पुराव्यावर आधारलेला अंक आणि अंदाजाने भरलेला निळा यांत पाहणाऱ्याच्या डोळ्याला काहीच भेद जाणवत नाही. एकाचे चित्र पाहून दुसरा काढतो, दुसऱ्याचे पाहून तिसरा, आणि अखेर मूळ अंदाज सर्वमान्य सत्य होऊन बसतो.

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधकांना हा अनुभव नवा नाही. अस्सल पत्र आणि मागाहून रचलेली बखर यांतील भेद त्यांनी मोठ्या कष्टाने प्रस्थापित केला. कृष्णधवल छायाचित्र हे येथील अस्सल पत्र आहे. ते वाचण्यास कठीण आणि अपुरे असले, तरी समकालीन आहे. रंगीत पार्श्वचित्र ही बखर होय. बखर त्याज्य नसते. तिच्यावाचून गतकाळ डोळ्यांपुढे उभा राहत नाही. मात्र तिच्यात ऐकीव किती आणि पाहिलेले किती, हे सांगण्याचे उत्तरदायित्व लिहिणाऱ्यावर असते. चित्राखाली 'वरचा रंग अनुमानित' एवढे तीन शब्द लिहिणारा चित्रकार आपल्या कलेला कमीपणा आणीत नाही. उलट, त्या तीन शब्दांमुळेच त्याने रंगवलेल्या उरलेल्या विमानावर विश्वास ठेवता येतो.