युरेनियमवर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ बुडालेल्या जहाजापर्यंत कशा पोहोचल्या?

म्युझियममध्ये काम करायचं तर इतिहासाचीच पदवी हवी, असं अनेकांना वाटतं. पण समुद्रातून वर काढलेलं लाकडी जहाज वाचवायला इतिहासकारापेक्षा केमिस्ट जास्त लागतो.

इंग्लंडच्या एलेनॉर स्कोफिल्ड यांचंच पाहा. लंडनच्या इम्पीरिअल कॉलेजमधून मटेरिअल्स या विषयात पीएचडी, मग अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये संशोधन. तिथला विषय काय, तर बॅक्टेरियांनी तयार केलेलं युरेनियम ऑक्साइड! त्याची रचना त्या शक्तिशाली एक्स-रे वापरून तपासत होत्या. 2008 मध्ये त्यावरचा शोधनिबंधही आला. जहाजाचा यात कुठे संबंध नव्हता.

तो जुळला 'मेरी रोज'मुळे. राजा आठवा हेन्री याची ही युद्धनौका 19 जुलै 1545 रोजी पोर्ट्समथजवळ बुडाली आणि 11 ऑक्टोबर 1982 रोजी तिचा सांगाडा वर काढला गेला. सोबत सुमारे 19,000 वस्तू मिळाल्या. युरेनियमसाठी वापरलेली एक्स-रेची तंत्रं या लाकडालाही चालतात. केंट विद्यापीठात स्कोफिल्ड यांनी तेच काम केलं, 2012 मध्ये त्या मेरी रोज ट्रस्टमध्ये रुजू झाल्या आणि पुढे तिथल्या संवर्धन विभागाच्या प्रमुख झाल्या.

आता तुम्ही म्हणाल, 437 वर्षं पाण्यात टिकलेलं लाकूड बाहेर आल्यावर का बिघडेल?

कारण ते आतून पोखरलेलं असतं. बॅक्टेरिया लाकडातलं सेल्युलोज खातात आणि रिकाम्या जागेत पाणी भरतं. लाकडाचा आकार टिकतो तो या पाण्याच्या आधारावर. ते सुकलं की लाकूड आक्रसतं, तडकतं. म्हणून मेरी रोजवर आधी थंड पाण्याचे फवारे मारले, मग 1994 पासून पीईजी नावाचं मेणासारखं रसायन. 2013 मध्ये फवारे बंद झाले. म्हणजे सुकवायला सुरुवात करण्यासाठीच 30 वर्षं लागली.

पण खरा व्हिलन वेगळाच निघाला. समुद्रतळाच्या गाळातले बॅक्टेरिया हायड्रोजन सल्फाइड तयार करतात (सडलेल्या अंड्याचा वास येतो ना, तोच वायू). त्यातलं सल्फर लाकडात मुरतं, खिळे-बोल्टच्या गंजातलं लोह त्यात मिसळतं. हवा लागली की याचंच सल्फ्युरिक ॲसिड होतं. स्वीडनमधल्या 'वासा' या जहाजावर 2000 च्या सुमारास ॲसिडचे डाग दिसले, तेव्हा ही भानगड जगासमोर आली. वासा तर 1961 मध्येच बाहेर काढलं होतं!

स्कोफिल्ड आणि सहकाऱ्यांचा उपाय असा: स्ट्रॉन्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म कण लाकडात सोडायचे. ॲसिडशी संयोग होऊन त्याचं स्ट्रॉन्शियम सल्फेट बनतं आणि ते लाकडाला त्रास देत नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण आधी लाकडात कुठे कोणतं सल्फर आहे हे कळायला हवं, आणि स्टॅनफर्डमधला अनुभव इथेच कामी आला.

आपल्याकडेही अशी जहाजं आहेत. गोव्याजवळ सुंची रीफ इथे दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना पोर्तुगीज काळातल्या जहाजाचे अवशेष सापडले. त्यात तोफा, मातीची भांडी, हत्तीचे आणि चक्क पाणघोड्याचे दात होते. अशा वस्तू वर आल्या की थेट वाळवत नाहीत. गोड्या पाण्यात बुडवून, पाणी पुन्हा पुन्हा बदलून आतलं मीठ काढावं लागतं. नाहीतर मिठाचे स्फटिक होऊन भांड्याचे पापुद्रे सुटतात आणि लोखंड गंजून फुटतं.

केमिस्ट्री किंवा मटेरिअल सायन्स शिकणाऱ्यांना या कामात रस असेल, तर लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संवर्धन अनुसंधानशाला हे नाव लक्षात ठेवा. 1976 मध्ये सुरू झालेल्या या सरकारी संस्थेत संवर्धनाचं प्रशिक्षण मिळतं. अर्थात चटकन निकाल हवा असेल तर हे क्षेत्र तुमचं नाही. मीठ निघायलाच कधी कधी महिने जातात.