खटका कोणाच्या हाती?
अपंगत्व आणि छायाचित्रण यांच्या इतिहासातील काही नोंदी

छायाचित्रणाचा इतिहास आपल्याकडे सहसा दोन अंगांनी लिहिला जातो. एक इतिहास यंत्राचा, दुसरा नामवंत छायाचित्रकारांचा. खटका दाबणाऱ्याचे शरीर कसे असते, हा प्रश्न या दोन्हींत क्वचितच येतो. दोन हात चालणारे, पाय धड, नजर तीक्ष्ण, हे सारे न सांगता धरून चाललेले असते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाचीच थोडी झडती घ्यायची आहे. अपंग माणूस कॅमेऱ्याच्या पुढे फार लवकर आला. कॅमेऱ्याच्या मागे तो केव्हा आणि कोणत्या साधनांच्या आधाराने आला, ते येथे पाहू.

शब्दांविषयी एक खुलासा. सरकारी कागदांत आज ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ आहे. मागच्या काळाविषयी लिहिताना त्या काळचा ‘अपंग’ हा शब्द मी तसाच ठेवला आहे.

कॅमेऱ्यापुढचे शरीर

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ साली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी एतद्देशीय मंडळीही त्या वर्तुळात होती. त्यानंतर थोड्याच वर्षांत छायाचित्राचा एक नवा उपयोग सुरू झाला, तो म्हणजे माणसांची वर्गवारी. विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ ते १८६६ या काळात काढले. स्टुडिओत घेतलेल्या माणसांच्या आकृती वेगळ्याच देखाव्यांवर बसवून त्याने ही चित्रे तयार केली होती. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड निघाले. या चित्रांत माणूस दिसतो तो नमुना म्हणून. त्याने कुठे उभे राहावे, काय हातात धरावे, हे दुसऱ्याने ठरवलेले असते.

हीच नजर शंभर-सव्वाशे वर्षांनी एका साध्या सरकारी कागदात पुन्हा भेटते. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यानंतर वापरात असलेल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात अलीकडचे साक्षांकित छायाचित्र लावावे लागे, आणि त्यात अपंगत्व दिसले पाहिजे अशी अट असे. आमच्या तलासरी-डहाणू पट्ट्यात अनेक घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत अशी प्रमाणपत्रे अजून जपून ठेवलेली आहेत. पोलिओने वाळलेला पाय दिसावा म्हणून लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, किंवा तुटका हात दिसावा म्हणून बाही दुमडलेली. एसटीचा पास हवा, शिष्यवृत्ती हवी, तर आधी स्टुडिओत जाऊन हे असे उभे राहायचे. २००९च्या अखेरीस नियमांत दुरुस्ती झाली आणि नव्या नमुन्यात फक्त चेहरा दिसेल असे छायाचित्र मागितले जाऊ लागले. २०१६च्या कायद्याखालील नमुन्यांतही तेच कायम राहिले. नमुन्यातले दोन-तीन शब्द बदलले, एवढेच. पण ज्यांनी आधीचे फोटो काढून घेतले, त्यांना हा बदल किती मोठा होता ते विचारून पाहावे.

ओली काच आणि रबरी गोळा

आता कॅमेऱ्याच्या मागे जाऊ. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कलोडियनची रीत प्रसिद्ध केली. काचेवर चिकट द्राव सारखा पसरायचा, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. हा सारा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. एकट्याने करायचे तर दोन चपळ हात आणि धावपळ करणारे पाय हवेतच. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याला नोकर ठेवण्याइतका पैसा हवा. थोडक्यात, अपंगाला या धंद्यातून बाहेर ठेवायला कुठलाही नियम लागत नव्हता. रीतच पुरेशी होती.

१८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स याने कोरड्या काचेचा मार्ग दाखवला आणि ही घाई संपली. १८८८मध्ये ईस्टमनचा कोडॅक आला. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी आधीच भरलेली असे आणि धुण्याछापण्याचे काम कारखाना करी. त्याच सुमारास शटरला रबरी नळी आणि तिच्या टोकाला गोळा बसू लागला. गोळा दाबला की नळीतली हवा पुढे जाऊन शटर उघडे. स्टुडिओवाल्याला गिऱ्हाइकाकडे पाहत, कॅमेऱ्यापासून दूर उभे राहून काम करता यावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. पण नीट पाहिले तर खटका आता कॅमेऱ्यावरून सुटून नळी पोचेल तिथे गेला होता. गोळा हातानेच दाबला पाहिजे असे काही नव्हते. तो पायाखाली चालतो, काखेत चालतो, दातांतही चालतो. पुढे आलेली केबल रिलीज आणि आजचे बिनतारी रिमोट ही त्याच गोळ्याची वंशावळ.

अपंगांना उपयोगी पडलेली कितीतरी साधने अशी दुसऱ्याच कुणाच्या सोयीसाठी जन्मली. या इतिहासात हे वारंवार दिसते.

फाळक्यांचे चष्मे

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण दादासाहेब फाळक्यांचे. चित्रपटाकडे वळण्याआधी फाळके छायाचित्रकार होते. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले आणि गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला. १९१०-११च्या सुमारास ‘लाइफ ऑफ क्राइस्ट’ पाहिल्यानंतर त्यांना चित्रपटाने झपाटले. रोज तासन्‌तास चित्रपट पाहणे आणि झोपेचे खोबरे, यात त्यांचे डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासे झाले होते. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले आणि तीन-चार निरनिराळ्या चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत कामापुरती आणली. त्यानंतर फाळके लंडनला गेले, कॅमेरा घेऊन आले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

ही कथा आपण जिद्दीची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण त्यातले चष्मे आपण विसरतो. चष्मा हेही साहाय्यक साधनच. ते इतके सर्वत्र झाले की ते लावणाऱ्याला कोणी अपंग म्हणत नाही. कुबडी, चाकाची खुर्ची किंवा तोंडाने चालवायचा खटका यांच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. फरक साधनाच्या जातीत शोधून सापडत नाही. तो आपल्या सवयीत आहे.

प्रागचा सुदेक, खडकीची संस्था

पहिल्या महायुद्धाने हातपाय गमावलेल्या तरुणांच्या फौजाच घरी पाठवल्या. आपल्याकडे १९१७मध्ये अशा सैनिकांना हुन्नर शिकवण्यासाठी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. ही संस्था पुढे खडकीला स्थिरावली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४मध्ये निघाले. अपंग माणसाला धंदा द्यायचा, हा विचार इथे रुजत होता.

त्याच महायुद्धात योसेफ सुदेक हा चेक तरुण इटलीच्या आघाडीवर जखमी झाला आणि त्याचा उजवा हात खांद्यापासून काढावा लागला. तो बुकबाइंडर होता. एका हाताने ते काम होणे नव्हते. सैनिकाचे निवृत्तिवेतन हाती होते, फोटोचा नाद आधीपासून होता. १९२२मध्ये त्याने प्रागला छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण सुरू केले. पुढची पन्नास वर्षे हा माणूस लाकडी अवजड कॅमेरा आणि ट्रायपॉड खांद्यावर टाकून प्रागभर फिरला. उरलेला हात, प्रसंगी दात आणि गरजेप्रमाणे साहाय्यक, अशी त्याची सामग्री होती. हलका कॅमेरा बाजारात असताना त्याने मोठ्या पत्र्याचे कॅमेरे निवडले. १९५९च्या त्याच्या प्रागच्या रुंद चित्रांच्या पुस्तकासाठी त्याने १८९९चा जुना कोडॅक पॅनोरमा कॅमेरा वापरला. ट्रायपॉडवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याला दोन हातांची घाई लागत नाही, हेही त्यामागे एक कारण असावे असे मला वाटते.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती त्याची १९२२ ते १९२७मधली चित्रमाला. ती अपंग सैनिकांच्या वसतिगृहातली आहे. खिडकीतून येणारा उजेड, धुरकट हवा आणि त्यात बसलेली माणसे. कोणाचा तुटलेला अवयव पुढे करून दाखवलेला नाही. काढणारा त्यांच्यातलाच होता. आपल्या प्रमाणपत्रावरच्या फोटोशेजारी हे चित्र ठेवले, की खटका कोणाच्या हाती आहे याने काय फरक पडतो ते समजते.

१९३६मध्ये ड्रेस्डेनच्या इहागी कंपनीचा किने एक्झॅक्टा हा कॅमेरा आला. त्याचा खटका आणि रीळ पुढे नेणारा दांडा, दोन्ही डाव्या बाजूला होते. उजवा हात अधू असलेल्याला तो आपसूकच सोयीचा. हिचकॉकच्या १९५४च्या ‘रिअर विंडो’त पाय प्लास्टरमध्ये घालून चाकाच्या खुर्चीत बसलेला नायक व्यवसायाने छायाचित्रकार आहे, आणि त्याच्या हातातही एक्झॅक्टाच आहे.

मुंबई, २००६

डोळ्यांचे काम यंत्राकडे सोपवण्याची सुरुवात १९७७ची. त्या वर्षी कोनिका सी-३५ एएफ हा आपोआप फोकस करणारा पहिला बाजारू कॅमेरा निघाला. हौशी लोकांचे फोटो अस्पष्ट येऊ नयेत म्हणून केलेली ती सोय होती. पण ज्याला दिसतच नाही, त्याचाही फोटो आता स्पष्ट येऊ शकत होता.

स्लोव्हेनियात १९४६मध्ये जन्मलेला आणि बाराव्या वर्षापर्यंत दृष्टी गमावलेला एवगेन बावचार पॅरिसमध्ये छायाचित्रकार म्हणून नावारूपाला आला होता. त्याच्याविषयी वाचून मुंबईच्या पार्थो भौमिक यांनी २००६मध्ये ‘ब्लाइंड विथ कॅमेरा’ हा उपक्रम सुरू केला आणि दृष्टिहीन मुलामाणसांना कॅमेरा शिकवायला घेतला. यातली रीत समजून घेण्यासारखी आहे. ऊन अंगावर कुठून लागते यावरून प्रकाशाची दिशा. आवाजावरून समोरच्याची जागा आणि उंची. हाताने चाचपून किंवा पावले मोजून अंतर. चित्र आल्यावर डोळस सोबती त्याचे वर्णन करतो, आणि प्रदर्शनात उठावाची चित्रे आणि ब्रेल मजकूर ठेवून दृष्टिहीन प्रेक्षकालाही ते बोटांनी पाहता येते.

इथे हमखास एक शंका निघते, की डोळस माणसाची मदत घेतली तर चित्र कोणाचे? या न्यायाने सुदेकची साहाय्यकांसह काढलेली चित्रेही त्याची राहणार नाहीत, आणि चित्रपट दिग्दर्शकाचा तर कधीच होणार नाही. काय टिपायचे, केव्हा टिपायचे, कोणते ठेवायचे, हे ठरवणारा तो कर्ता. बाकीची मदत.

त्यानंतरची साधने बहुतेकांच्या खिशात आहेत. २००९मध्ये आयफोनमध्ये पडदा वाचून दाखवणारा व्हॉइसओव्हर आला, अँड्रॉइडवर टॉकबॅक आले. २०१३पासून आयफोन एकाच बटणावर चालवण्याची सोय झाली. ते बटण बोटाने, डोक्याने, कशानेही दाबता येते. २०२२मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये चेहरा चौकटीत यावा म्हणून फोन कुठे हलवायचा ते बोलून सांगणारी सोय आली. सेल्फी स्टिकबरोबर मिळणारा स्वस्त ब्लूटूथ रिमोट तर रबरी गोळ्याचा थेट पणतू. तो चिकटपट्टीने खुर्चीच्या हातावर बसवला, फोन क्लॅम्पने खुर्चीच्या दांड्याला अडकवला, की बोटे नीट न वळणाऱ्या माणसाचा कॅमेरा तयार.

वाळूपाशी

मग अडते कुठे? आमचे झाई हे तलासरी तालुक्यातले किनाऱ्यावरचे गाव. पुढे लगेच गुजरातची हद्द. ओहोटीला समुद्र दूर जातो, होड्या चिखलात टेकतात, मासे सुकत घातलेले असतात. फोटो काढावासा वाटेल असे सारे आहे. ओली वाळू घट्ट असते, चाक धरते. पण रस्ता आणि ओली वाळू यांच्यामध्ये भुसभुशीत कोरड्या वाळूचा पट्टा आहे, आणि खुर्चीची चाके तिथेच रुततात. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२मध्ये या पट्ट्यावरून पाण्याकडे जाणारी लाकडी वाट बांधली गेली. म्हणजे उपाय माहीत आहे, आणि तो लाकडाचा आहे. दीडशे वर्षांत यंत्राने आपली अडसर एकेक करून काढली. उरलेली अडसर जमिनीवर आहे.

दुसरे काम आपल्यासारख्या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांचे. गावोगावच्या जुन्या फोटो स्टुडिओंच्या नोंदी आता कुठे गोळा होऊ लागल्या आहेत. त्या घेताना कॅमेरा कोणता, एवढ्यावर थांबू नये. खटका कोण दाबत असे, कशाने दाबत असे, डार्करूममध्ये कोण बसत असे, हेही विचारावे. पाय अधू म्हणून शेतावर किंवा होडीवर न जाता स्टुडिओत बसलेला एखादा मुलगा या नोंदींत सापडला, तर त्याने काढलेल्या फोटोंची यादी त्याच्या नावाने करावी. प्रमाणपत्रावरचा फोटो त्याची ओळख म्हणून पुष्कळ वर्षे चालला. आता त्याने काढलेले फोटो त्या जागी यायला हवेत.