पोर्तुगीज जलश्वान : श्रमाचा इतिहास आणि जातीची जडणघडण

प्रस्तावना :
पाळीव प्राण्यांच्या जातींचा इतिहास हा केवळ प्राणिशास्त्राचा विषय नाही. मानवी श्रमाच्या इतिहासाशीही त्याचा निकटचा संबंध आहे. पोर्तुगालच्या दक्षिणेकडील अल्गार्व किनाऱ्यावर मच्छीमारांनी सांभाळलेला जलश्वान हे त्याचे बोलके उदाहरण होय. १५८८ च्या स्पॅनिश आरमाराशी त्याचे नाते जोडणाऱ्या कथा लोकप्रिय असल्या, तरी त्याच्या शरीराने जपलेला कामाचा इतिहास अधिक विश्वसनीय आहे.

श्रम आणि शरीररचना :
मासळी जाळ्याकडे हाकणे, पाण्यात पडलेले दोर व तुटलेली जाळी परत आणणे, एका होडीवरून दुसऱ्या होडीवर निरोप पोहोचवणे आणि होडीची राखण करणे ही या कुत्र्याची परंपरागत कामे होत. त्याची शरीरवैशिष्ट्ये या कामांशी सुसंगत आहेत. पायांची बोटे टोकापर्यंत पातळ पडद्याने जोडलेली असतात. मुळाशी जाड असलेली शेपटी पोहताना सुकाणूसारखी उपयोगी पडते. नराची उंची ५० ते ५७ सें.मी., तर मादीची ४३ ते ५२ सें.मी. असते. अंगावर कुरळ्या किंवा लहरदार केसांचा एकच दाट थर असतो. हे केस सतत वाढत असल्याने कातरावे लागतात. शरीराचा मागील भाग व तोंड भादरून शेपटीच्या टोकाशी झुपका राखण्याची पद्धत रूढ आहे. पोहताना मागील पायांना मोकळीक आणि छातीला ऊब मिळावी, असे तिचे कारण सांगितले जाते.

ऱ्हास आणि पुनरुज्जीवन :
विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मासेमारीची साधने बदलली आणि या कुत्र्याची गरज संपत गेली. १९३० च्या दशकात नौवहन व्यावसायिक वास्को बेन्साउद यांनी त्याच्या संवर्धनाचे कार्य हाती घेतले. एका मच्छीमाराकडून मिळालेला 'लेआंव' (१९३१–१९४२) हा नर जातीच्या लिखित प्रमाणाचा आदर्श ठरला. १९६७ मध्ये बेन्साउद यांच्या निधनानंतर त्यांचे कुत्रे कोंचिता सिंत्रोन यांच्याकडे गेले. अमेरिकेत १९७२ मध्ये या जातीसाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली. २००९ मध्ये 'बो' हा कुत्रा ओबामा कुटुंबासमवेत व्हाइट हाउसमध्ये आला आणि ही जात जगभर परिचित झाली.

तथापि, मोजक्या पूर्वजांपासून झालेल्या या पुनरुज्जीवनाची किंमतही मोजावी लागली. मज्जासंस्थेला ग्रासणारा जीएम-१ हा प्राणघातक आनुवंशिक आजार या जातीत आढळला. दुसरीकडे, वंशावळीच्या तपशीलवार नोंदींमुळेच ही जात संशोधनास उपयुक्त ठरली. कुत्र्यांच्या लहान आकारमानाशी आयजीएफ-१ या जनुकाचा असलेला संबंध २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्या संशोधनातून स्पष्ट झाला, त्याचा आरंभ याच जातीच्या अभ्यासातून झाला होता.

निष्कर्ष :
मच्छीमारांनी कुत्र्याची पारख त्याच्या कामावरून केली. लिखित प्रमाणाने ती रूपावरून केली. रूप टिकले, मात्र त्याला अर्थ देणारे श्रम लोपले. म्हणूनच पाण्यातील कामाच्या ज्या चाचण्या आज घेतल्या जातात, त्यांचे महत्त्व केवळ क्रीडेपुरते मर्यादित नाही. जातीचे जतन म्हणजे तिच्या रूपाबरोबरच तिच्या कौशल्याचे व आरोग्याचेही जतन होय, हेच या इतिहासावरून दिसून येते.