कृपासदन

कृपासदन : समाजाने ‘पतित’ ठरवून हद्दपार केलेल्या स्त्रियांकरिता पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे, आपल्या मुक्तिसदन या स्त्रियांच्या आश्रमाचा एक विभाग म्हणून चालविलेले आश्रयस्थान. ‘पतित’ हा शब्द तत्कालीन लेखनातला आहे; फसविल्या गेलेल्या मुलीलाही तो लावीत आणि फसविणाऱ्याला मात्र कोणताच शब्द लावीत नसत, हे येथे नमूद करणे अवश्य आहे.

नावातील ‘कृपा’ ही ख्रिस्ती धर्मशास्त्राची परिभाषा होय. नव्या करारातील ‘खारिस’ या ग्रीक शब्दाकरिता मराठी बायबलात ‘कृपा’ व ‘अनुग्रह’ असे दोन्ही शब्द योजिलेले आढळतात. ईश्वराची ही मेहेरबानी मनुष्याची योग्यता पाहून होत नाही. उलट योग्यता हीच तिची फलश्रुती होय, असा या तत्त्वाचा आशय असल्यामुळे, आधी प्रायश्चित्त आणि मग स्वीकार हा लौकिक व्यवहारातला क्रम येथे पालटतो.

रमाबाईंना हा आशय ग्रंथांतून उमगण्यापूर्वी डोळ्यांनी दिसला. इंग्लंडमधील वास्तव्यात, वाँटेज येथील भगिनीसंघाच्या फुलहॅम येथील आश्रमात गेल्या असता, ज्या स्त्रियांना आपल्याकडे उंबरठ्यावरही उभे करीत नसत त्यांची तेथील भगिनी ममतेने शुश्रूषा करीत आहेत, हे पाहून त्यांनी या करुणेचे कारण विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील, याकोबाच्या विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. पाच नवरे झालेल्या, आणि सांप्रत ज्याच्यापाशी राहते तोही जिचा नवरा नव्हे अशा त्या बाईजवळ येशू प्रथम पाणी मागतो व पुढे तिच्याशी उपासनेच्या गहन स्वरूपाविषयी बोलतो. शास्त्रार्थात वाढलेल्या रमाबाईंना त्या संभाषणाचे मोल विशेष वाटले असल्यास नवल नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मुक्तिसदनाचा विस्तार १८९६-९७ च्या दुष्काळानंतर झाला. मध्य प्रांतातून आणलेल्या दुष्काळग्रस्त मुलींची तजवीज करणाऱ्या रमाबाईंचे स्वतःचे आईबापही १८७४ साली उपासमारीनेच वारले होते. केडगावी प्रार्थनेच्या जोडीला शेती, विणकाम, शिवणकाम व छपाई असे उद्योग असत. आश्रय आणि धर्मांतर यांची येथे सांगड घातली गेली हा समकालीनांचा आक्षेप अगदीच अनाठायी नव्हता. मात्र त्याच स्त्रियांना बिनशर्त घरात घेणारे दुसरे दार त्या काळी विरळाच होते, हेही खरे.

अशा स्त्रियांना स्वतः वाचता यावे, एवढ्यासाठी संस्कृतात पारंगत असलेल्या या विदुषीने हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, संस्कृतप्रचुर शैली टाळून, संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. हे काम त्यांनी मृत्यूपूर्वी पुरे केले. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. केडगावच्या छापखान्यात त्याचे खिळे जुळविण्याचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केले.