हक्क सोडण्याची किंमत

टॉलस्टॉयने आपल्या लेखनावरचे हक्क सोडून दिले, असे आम्ही वर्गात एका वाक्यात सांगून मोकळे होतो. प्रत्यक्षात ते वाक्य पुरे व्हायला जवळपास वीस वर्षे लागली, आणि त्याची किंमत मोजली ती मुख्यतः त्याच्या पत्नीने.

१८८१ नंतरचे आपले लेखन कोणीही विनामूल्य छापावे, असे टॉलस्टॉयने सप्टेंबर १८९१ मध्ये वृत्तपत्रांतून जाहीर केले. ‘युद्ध आणि शांती’ व ‘आना कारेनिना’ या आधीच्या कादंबऱ्यांचे उत्पन्न मात्र सोफियाकडे राहिले. ही विभागणी शुद्ध तत्त्वातून नव्हे, घरातल्या भांडणातून निघालेली तडजोड होती. १८८३ पासून मालमत्तेचे मुखत्यारपत्र सोफियाकडे होते. दस्तयेव्हस्कीच्या विधवेचा सल्ला घेऊन ती स्वतः पतीचे ग्रंथ छापू लागली होती. ‘युद्ध आणि शांती’च्या मसुद्यांच्या प्रती तिनेच पुनःपुन्हा हाताने उतरवल्या होत्या. तिच्या विरोधाला लोभ म्हणणारे चरित्रकार हे श्रम जमेस धरत नाहीत, असे आम्हांस वाटते.

तत्त्वालाही अपवाद झालाच. धर्मश्रद्धेपायी छळल्या जाणाऱ्या दुखोबोर पंथीयांना कॅनडात पाठवण्यासाठी त्याने १८९९ मध्ये ‘पुनरुत्थान’ ही कादंबरी मोबदला घेऊन दिली.

खरी अडचण मृत्युपत्राची होती. लेखन ‘सर्वांना’ देऊन टाकण्याची सोय कायद्यात नव्हती. वारस म्हणून कोणी व्यक्ती लागतेच, असे वकिलाचे मत पडले. म्हणून जुलै १९१० मध्ये, पत्नीपासून लपून, जंगलात एका झाडाच्या बुंध्यावर बसून त्याने सही केली. वारस ठरली धाकटी मुलगी अलेक्सांद्रा, आणि या वेळी १८८१ पूर्वीच्या कादंबऱ्याही त्यात आल्या. चारच महिन्यांत घर सोडून गेलेला टॉलस्टॉय अस्तापोवोच्या स्थानकावर वारला. अलेक्सांद्राने मरणोत्तर प्रकाशनांचा पैसा वापरून यास्नाया पोल्यानाची जमीन १९१३ मध्ये शेतकऱ्यांना मिळवून दिली. म्हणजे हक्क सोडण्यासाठी आधी ते एकदा विकावे लागले!

गांधीजींचाही प्रवास असाच. ‘हिंद स्वराज’च्या १९१० च्या इंग्रजी आवृत्तीवर कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत, असे छापले होते, पुढे लेखनाचे हक्क त्यांनी नवजीवन संस्थेकडे सोपवले.

सोफिया १९१९ मध्ये वारली. तिचे ‘माझे आयुष्य’ हे आत्मकथन इंग्रजीत ग्रंथरूपाने आले ते २०१० मध्ये, तिच्या पतीच्या मृत्यूला शंभर वर्षे होत असताना.