हार्थस्टोनमधला पत्ता 'नर्फ' होतो म्हणजे नेमकं काय होतं?

पैसे मोजून मिळवलेला पत्ता उद्या तुमच्याच हातात कमजोर झाला तर? कागदी पत्त्यांच्या खेळात फार तर पत्त्यावर बंदी येते, छापलेले आकडे कुणी पुसत नाही. ब्लिझार्ड कंपनीच्या 'हार्थस्टोन'मध्ये मात्र सर्व्हरवर एक आकडा बदलला की जगभरातल्या खेळाडूंकडचा तो पत्ता बदलतो. ताकद कमी केली की 'नर्फ', वाढवली की 'बफ'.

हा खेळ मार्च 2014 मध्ये आला. प्रत्येकाकडे 30 पत्त्यांचा डेक असतो. पत्ता खेळायला 'माना' खर्च होतो आणि तो दर पाळीला एकाने वाढत 10 पर्यंत जातो. त्यामुळे 1 मानाचा पत्ता जरा जास्त ताकदवान झाला तरी डाव पहिल्याच पाळीत कलतो. 'अंडरटेकर'चं हेच झालं. 'डेथरॅटल' क्षमता असलेलं पात्र मैदानात उतरवलं की अंडरटेकरचा हल्ला आणि आयुष्य दोन्ही एकेकाने वाढायचं. जानेवारी 2015 मध्ये आयुष्य वाढणं काढून टाकलं, फक्त हल्ला वाढायचा ठेवला. एवढ्याने त्याचा दरारा संपला.

मग नर्फ कधी करायचा? विजयाची टक्केवारी बघून, हे सोपं उत्तर आहे, पण अपुरं. एखादा डेक नवख्यांच्या हातात हरतो आणि मुरलेल्या खेळाडूच्या हातात कुणालाच ऐकत नाही. 2015 मधला 'पेट्रन वॉरियर' असाच होता. 'ग्रिम पेट्रन' मार खाऊन वाचला की स्वतःसारखाच आणखी एक उभा करतो. त्याच्या जोडीला 'वॉरसाँग कमांडर' असला की 3 किंवा कमी हल्ल्याची पात्रं उतरल्या उतरल्या वार करायची. समोरच्याला उत्तर द्यायला पाळीच मिळत नसे. ऑक्टोबर 2015 मध्ये कमांडरची ही क्षमताच काढली आणि अख्खा डेक बसला. तोल साधण्यापेक्षा ही सरळ गच्छंतीच होती.

खरी बोच भरपाईची. 'लेजेंडरी' पत्ता बनवायला 1600 'डस्ट' लागते, मोडीत काढला तर 400 मिळते. सोनाराकडेही मोडीत घट होते, पण इथे पाऊण भाग जातो! नर्फ झालेल्या पत्त्याची पूर्ण किंमत काही दिवस परत मिळते, पण फक्त त्याच पत्त्याची. त्याच्या भरवशावर जमवलेल्या बाकीच्या पत्त्यांचं काय, याला उत्तर नाही. वॉरसाँग कमांडर तर फुकट मिळणाऱ्या 'बेसिक' संचातला, म्हणजे त्याची भरपाईही शून्य.

नंतर कंपनीचा वेग वाढला. एप्रिल 2020 मध्ये 'डीमन हंटर' हा नवा वर्ग आला आणि जेमतेम एका दिवसात त्याचे चार पत्ते नर्फ झाले. 'स्कल ऑफ गुलदान' 5 मानाचा 6 झाला. पुढेही त्या वर्गावर कात्री चालली.

उलटा मार्गही आहे. जून 2019 मध्ये एकदम 18 पत्ते बफ केले गेले. यात कुणाचं काही हिरावलं जात नाही, म्हणून खेळाडू खूश असतात. पण सगळ्यांनाच वर उचलत गेलं की डाव लवकर संपू लागतात, आणि जुने पत्ते हात न लावताच मागे पडतात. त्यांची भरपाई मात्र कुणी देत नाही, कारण कागदोपत्री त्यांचा एकही आकडा बदललेला नसतो.